धुळीची वाट, औषधाची वाट

मंडळी, माझे मामा शिरोलीच्या एका फौंड्रीत फेटलिंगला होते. ओतकाम थंड झालं की चिकटलेली वाळू झाडायची, कडा ग्राइंडरनं घासायच्या, हे त्यांचं काम. संध्याकाळी घरी आले की मिशीवर वाळू दिसायची आणि मामी म्हणायच्या, "आधी तोंड धुवा बघू." मिशीवरची वाळू धुतली जायची. जी दिसत नव्हती, ती छातीत उतरत होती. पन्नाशीत त्यांना सिलिकोसिस, म्हणजे वाळूतल्या सिलिकाच्या धुळीनं जडणारा फुप्फुसाचा आजार, निघाला आणि पाठोपाठ टीबी. आज मी श्वासातून द्यायच्या नॅनोऔषधांवर, म्हणजे अतिसूक्ष्म कणांत भरलेल्या औषधांवर, बोलायला उभा आहे, पण सुरुवात मामांपासूनच करतो. कारण छातीत खोलवर जायची वाट धुळीला आमच्या आधी सापडली होती.

श्वासनलिकेला आत जाताना सुमारे २३ वेळा फाटे फुटतात. भरधाव गाडीला घाटातलं वळण घेता येत नाही, तसा पाच मायक्रॉनहून मोठा कण घशात किंवा पहिल्या काही वळणांवरच आदळतो. आपलं डोक्यावरचं केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतं, म्हणजे हा कण किती बारीक ते बघा. तिथं चिकट कफ असतो आणि त्याखालची बारीक लव तो कफ सतत वर ढकलत असते. एक ते पाच मायक्रॉनचे कण मात्र वळणं पार करून खाली पोचतात आणि हलकेच बसतात. मामांची मिशीवरची वाळू निरुपद्रवी आणि न दिसणारी घातक, ती यामुळं.

मग कण आणखी बारीक केला तर तो आणखी खोल जाईल, असं वाटतं ना? इथंच गंमत आहे. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा कण इतका हलका असतो की तो आत जातो, तरंगतो आणि उच्छ्वासाबरोबर बऱ्याच अंशी बाहेरही येतो. त्याहून पुष्कळ बारीक, शंभर नॅनोमीटरच्या, म्हणजे मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाच्या खालचे कण इकडंतिकडं भरकटत भिंतीला चिकटतात खरे, पण कोरडी पूड असेल तर ते एकमेकांनाच चिकटून गोळा होतात. म्हणून युक्ती अशी की नॅनोकण तसाच सोडायचा नाही. काही मायक्रॉनच्या थेंबात किंवा साखरेच्या दाण्यात असे पुष्कळ कण भरायचे. दाणा खाली बसला, विरघळला, की आतले कण मोकळे.

खाली वायुकोशांत पोचल्यावर भेटतात भक्षक पेशी. आलेला परका कण गिळायचा, हे त्यांचं काम. सिलिका गिळली की त्या मरतात, पुन्हा दुसऱ्या येतात, पुन्हा मरतात, आणि फुप्फुसाला वण पडत जातात. मामांचं तेच झालं. टीबीचा जंतू त्याहून धूर्त. त्याला या पेशी गिळतात आणि तो त्यांच्याच पोटात घर करतो. गोळीतलं औषध रक्तातून फिरून तिथपर्यंत जावं लागतं. साध्या टीबीलाही सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक. पण औषधाचा कणच त्या पेशीनं गिळला तर? जी खोड आम्हाला नडत होती तीच इथं कामी येते. या कल्पनेनं मी अजूनही हरखतो.

हे नुसतं कागदावर नाही. अॅमिकासिन हे जुनं प्रतिजैविक. इंजेक्शननं जास्त दिवस दिलं तर कान आणि मूत्रपिंडं जपावी लागतात. ते चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये भरून, नेब्युलायझरच्या वाफाऱ्यातून द्यायला अमेरिकेत २०१८ साली परवानगी मिळाली. टीबीच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी एकामुळं होणाऱ्या चिवट फुप्फुसविकारासाठी, तेही इतर इलाज थकल्यावर. त्या पिशवीतली मुख्य चरबी कोणती, माहीत आहे? आपल्या वायुकोशांना आतून जे अस्तर असतं, त्यातलीच. परकं काही आत टाकलं तर ते साचून राहायला नको, सिलिकानं तो धडा दिलाय. टीबीसाठी असे श्वासातले कण अजून रोजच्या उपचारात आलेले नाहीत, हेही स्पष्ट सांगतो. कुणी आज विकायला आलं तर घेऊ नका.

पण आजचं जे औषध हातात आहे, त्याचं काय? दम्याच्या पंपाला आपल्याकडं लोक भितात. "पंपाची सवय लागते", असं म्हणत गोळी गिळतात. साल्ब्युटामॉलची गोळी चार मिलिग्रॅमची येते. पंपाच्या एका दाबात शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा हिस्सा. एवढंसं औषध थेट जागेवर जातं म्हणून पुरतं. मामांनाही डॉक्टरांनी शेवटी पंप दिला होता, तो ते कोनाड्यात लपवून ठेवायचे, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. मला याचं फार वाईट वाटतं.

तेव्हा ज्यांच्याकडं पंप असेल त्यांनी तो आता काढा, संकोच करू नका. पुडीच्या कॅप्सूलचा असेल तर तो जोरानं ओढायचा असतो. त्याचं मी नंतर दाखवतो. दाबायचा पंप असणाऱ्यांनी माझ्याबरोबर करा, नुसतं करून बघायचं, औषध सोडायचं नाही. पंप हलवा. श्वास पूर्ण बाहेर सोडा. पंपाचं तोंड तोंडात धरून त्याभोवती ओठ घट्ट मिटा. आता सावकाश आत घ्यायला लागा, आणि त्याच वेळी दाबल्यासारखं करा. थांबा, श्वास सोडू नका. मी दहा मोजतो. एक, दोन, तीन…