सादळलेला बोर्ड

चकलीचा डबा उघडा राहिला तर दुसऱ्या दिवशी काय होतं, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. चकली ओली झालेली नसते, तिच्यावर पाण्याचा थेंबही दिसत नाही. पण तोडायला गेलं की कट् असा आवाज येत नाही. आपण म्हणतो, सादळली. समुद्रकाठच्या गावात स्केटबोर्डचं अगदी हेच होतं. इथे पुण्यात शिकलेली मुलंमुली सुट्टीत बोर्ड घेऊन गोव्याला जातात, मालवणला जातात, आणि परत आल्यावर मला विचारतात, "दादा, तिकडे उडीच बसेना. मी विसरलो की काय?" तुम्ही काही विसरलेला नसता. तुमच्या पायाखालचा बोर्ड सादळलेला असतो, आणि ते आधी कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून आज सांगतो.

मी गेली सहा वर्षं कामानिमित्त पणजीला जातो, वर्षातून चार-पाच खेपा. बोर्ड पाठीवरच्या बॅगेला बांधलेला असतो. काम संपलं की उरलेला वेळ कांपाल ते मिरामार या पट्ट्यात. त्यामुळे आज जे बोलणार आहे ते बहुतेक पणजीचं आहे. रत्नागिरीला, वेंगुर्ल्याला ते थोड्याफार फरकाने लागू पडेल.

बोर्ड म्हणजे काय, तर मेपलच्या लाकडाचे सात पातळ थर एकमेकांवर चिकटवून, दाबून काढलेली फळी. बहुतेक बोर्डांत पाच थरांतल्या लाकडाच्या रेषा लांबीला असतात आणि दोनांतल्या आडव्या. मागच्या टोकावर पाय आपटला की बोर्ड ज्या ताकदीने उसळतो, ज्याला आपण पॉप म्हणतो, ती या थरांच्या ताठपणातून येते. आणि लाकूड हवेतली वाफ पितं. आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी मुरलेलं असतं. तीच हवा ९० टक्क्यांवर जाऊन बरेच दिवस तशीच राहिली तर ते २० टक्क्यांच्या आसपास पोचतं. पावसाळ्यात घराचं दार चौकटीत अडकतं ते याच कारणाने. नव्या बोर्डाला वरून-खालून रंगाचं आणि लाखेचं आवरण असतं, त्यामुळे तो बराच तग धरतो. पण मागचं टोक रस्त्यावर घासून झिजलं की थरांच्या कडा उघड्या पडतात आणि ओल तिथून आत शिरते. जायच्या दोन दिवस आधी ते टोक पॉलिश पेपरने घासा, वॉर्निशचे दोन हात द्या. दहा मिनिटांचं काम आहे.

लाकडापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती बेअरिंगची. आपल्या चाकातलं बेअरिंग ६०८ मापाचं असतं: आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. एका चाकात दोन, म्हणजे बोर्डाला आठ. बहुतेकांत पोलादाच्या सात गोळ्या. आता मीठ काय करतं ते बघा. मिठाच्या बरणीत आपण तांदळाचे दाणे टाकतो, कारण मीठ पाणी ओढतं. त्याची एक ठरलेली हद्द आहे. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतलंच पाणी ओढून स्वतः विरघळतो. समुद्राच्या वाऱ्याबरोबर असे बारीक कण सतत येत असतात आणि बेअरिंगमध्ये जाऊन बसतात. पणजीत बहुतेक रात्री आर्द्रता ७५ च्या वर असते. म्हणजे पाऊस नाही, डबक्यातून गेलात नाही, बोर्ड बाल्कनीत नुसता उभा करून ठेवलात, तरी रात्रभर पोलाद खाऱ्या पाण्यात भिजतंय. पुण्यात दोन वर्षं कुरकूर न केलेली बेअरिंग तिथे आठ दिवसांत खरखरायला लागली, तेव्हा मला हे कळलं.

त्या वेळी माळा नावाच्या पणजीतल्या जुन्या वस्तीत, एका घरात भाड्याने खोली घेतली होती. वर्तमानपत्र पसरून मी आठही बेअरिंग काढली, सुईने झाकणं उचकटली. आतल्या गोळ्यांवर हळदीच्या रंगाचा थर होता. बोटाने फिरवलं की वाळू चघळल्यासारखा आवाज. पेट्रोलमध्ये बुडवून, ब्रशने घासून, पंख्याखाली वाळवून झाली, पण तेल आणलं नव्हतं. घरमालकीणबाई, सत्तरीच्या, दारातून बघत होत्या. मी खोबरेल तेलाची बाटली उचलली तशा म्हणाल्या, "पुता, तें नाका. मशिनाचें तेल जाय?" आणि आतून शिलाई मशीनची ती छोटी, लांब नाकाची तेलाची कुपी घेऊन आल्या. त्यांचं बरोबर होतं. खोबरेल थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होतं. मशीनचं तेल पातळ राहतं. त्यांच्या मशीनला त्या समुद्राच्या हवेत कित्येक वर्षं झाली होती, आणि ती कशी टिकवायची हे त्या कधीच शिकल्या होत्या. एका बेअरिंगला दोन थेंब, बस. जास्त घातलं की मिरामारची सगळी वाळू तेलात येऊन बसते. तेव्हापासून माझ्या बॅगेत तशी एक कुपी असतेच. आणि रात्री बोर्ड खोलीत, कपड्यात गुंडाळून. बाल्कनीत कधीही नाही.

आता वेळेविषयी. हा मला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो, कारण इथे माणूस जायबंदी होतो. आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की गरम गावात सकाळी लवकर खेळावं. मे महिन्यात ते खरं आहे. पण डिसेंबर-जानेवारीत पणजीची रात्र वीस अंशांपर्यंत उतरते, हवा वाफेने भरलेली असतेच, आणि आकाश निरभ्र असलं की जमीन हवेपेक्षा जास्त गार होते. मग दव पडतं. गवतावरचं दव दिसतं. घोटीव ग्रॅनाइटवरचं, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरचं, गटाराच्या लोखंडी झाकणावरचं दिसत नाही. पहिल्याच डिसेंबरात सकाळी सव्वासहाला मी मांडवीकाठच्या पदपथावरून खाली उतरलो, झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर वळलो आणि चाकं बाजूला सरकली. डावं मनगट दुखावलं. रस्ता कोरडा दिसत होता, अगदी कोरडा. नंतर वाकून त्या पट्ट्यावर तळहात ठेवला तर हात ओला झाला.

तेव्हापासून मी तळहात टेकवल्याशिवाय बोर्डावर चढत नाही, आणि तुम्हालाही हीच सवय लावून घ्यायला सांगतो. हिवाळ्यात साडेआठ-नऊनंतरच निघा. ऊन पदपथावर आलं की अर्ध्या तासात दव उडतं. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे वाचलेले असतात, परीक्षा झाली की विसरतो. किनाऱ्यावर ते रोज अंगाला लागतात. पहाटे वारा जमिनीकडून येतो, मंद असतो. दुपारच्या सुमाराला दिशा पालटते, समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि मिरामारला तो वाळू घेऊन येतो. कठीण, छोट्या चाकाला, म्हणजे ५२ मिलिमीटर आणि ९९ए वगैरे (हा ए म्हणजे चाकाच्या कठीणपणाचं माप, आकडा मोठा तितकं चाक कठीण), वाळूची एक चिमूट पुरते. चाक जागीच थांबतं, तुम्ही पुढे जाता. प्रवासाला मी ६० मिलिमीटरची, ७८एची मऊ चाकं लावतो. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांवरूनही ती निमूट जातात, आणि आवाज करत नाहीत.

आवाजाचं मुद्दाम बोलतोय. फोंतेन्यास या पणजीतल्या जुन्या वस्तीच्या गल्ल्या फोटोत फार सुंदर दिसतात, उतारही आहेत, मोह होतो. तिथे बोर्ड चालवू नका. ती घरं राहती आहेत, खिडक्या थेट रस्त्यावर उघडतात, दुपारी माणसं झोपलेली असतात. पर्यटकांच्या त्रासाला तिथले लोक आधीच कंटाळलेले आहेत. आल्तिनोच्या टेकडीवरून खाली येणारे रस्तेही तसेच टाळा. वळणावर समोरून गाडी आली तर थांबायला जागा नाही. बेतीच्या फेरीबोटीवर बोर्ड हातात धरा, तिच्यावर चढायची लोखंडी फळी कायम ओली असते.

या खेळाचा जन्मच समुद्रकाठचा आहे, हे लक्षात असू द्या. कॅलिफोर्नियाच्या सर्फरांनी १९५०च्या दशकात लाटा नसलेल्या दिवसांसाठी तो शोधला. पण तो किनारा कोरडा. १९७६-७७च्या दुष्काळात तिथले पोहण्याचे तलाव रिकामे पडले आणि मुलांनी त्यांच्या गोलाईत खेळ वाढवला. हात न लावता बोर्ड हवेत उचलण्याची ऑली मात्र आली फ्लोरिडातून, १९७०च्या दशकाच्या अखेरीला, अॅलन गेलफंड नावाच्या मुलाकडून. फ्लोरिडा आपल्या कोकणासारखाच, घामाचा प्रदेश. आणि ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं तेही २०२१च्या ऐन उन्हाळ्यात, तोक्योच्या खाडीकाठी, जिथे १३ वर्षांच्या मोमिजी निशियाने सुवर्ण जिंकलं. दमट हवा या खेळाला परकी आहे, असं म्हणून कुणी घरी बसू नये.

घामाचं थोडक्यात सांगतो. घाम गाळून अंग गार होत नाही, घाम उडाला तर होतं. एक लिटर घाम उडताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून नेतो. दमट हवेत तो उडत नाही, नुसता निथळतो, म्हणजे पाणी आणि मीठ दोन्ही जातं आणि गारवा मिळत नाही. मे महिन्यात मी वीस मिनिटं खेळतो, दहा मिनिटं सावलीत बसतो, कोकम सरबत पितो, मीठ घालून. चक्कर आली, कापरं भरलं, तर त्या दिवसाचा खेळ संपला. माझ्याबरोबर आलेल्या एका मुलाने ते ऐकलं नाही आणि आम्हाला दवाखाना गाठावा लागला. तो बरा झाला, पण त्याच्या आईला फोन करताना माझा हात थरथरत होता, ते मी विसरलेलो नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं, पावसाळ्यात जावं का. जा. बोर्ड न्या. पेव्हरच्या सांध्यांत शेवाळ धरलेलं असतं, तिथे पाय ठेवू नका, पण मध्ये चार-चार तास उघडीप मिळते आणि डांबर वाऱ्याने लवकर सुकतं. एक डोळा नदीच्या मुखाकडे ठेवायचा. मिरामारवरून समोर अग्वादचा डोंगर दिसतो. तो आधी धुरकट होतो, मग किल्ल्याची कड पुसली जाते, मग अख्खा डोंगरच नाहीसा होतो. तेव्हा बोर्ड उचलायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा आणि जवळचं छप्पर गाठायचं. पहिला थेंब पडायच्या आत तेवढा वेळ बहुतेक वेळा मिळतो.