सॅक उशाला, कागद अंगाशी

नमस्कार श्रोतेहो.

पहाटेची वेळ होती. मराठवाड्यातून मनमाडमार्गे मुंबईला येणारी रात्रीची गाडी, स्लीपरचा डबा. कल्याण यायला वीसेक मिनिटं राहिली असतील. समोरच्या मधल्या बर्थवरचा तरुण खाली उतरला, सॅक काढायला बर्थखाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग त्याने मोबाइलचा उजेड पाडला. खाली आमच्या चपला होत्या, एक पाण्याची बाटली होती, कुणाची तरी नायलॉनची पिशवी होती. सॅक नव्हती.

"काका, माझी काळी सॅक बघितली का?" एवढंच त्याने विचारलं. नाशिकरोडला त्याने ती हात लावून पाहिली होती. इगतपुरीला गाडी थांबली तेव्हा त्याचा डोळा लागला. तेवढ्यात कुणीतरी ती खांद्याला अडकवून निघून गेलं होतं. काळी सॅक घेऊन डब्यातून चालणाऱ्या माणसाला कोण हटकणार? डब्यातल्या निम्म्या सॅक काळ्याच असतात.

कपडे गेले, जेवणाचा डबा गेला, त्याचं त्याला काही वाटलं नाही. पण सॅकमध्ये एक फोल्डर होता. दहावी, बारावी आणि पदवीची मूळ गुणपत्रकं, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. त्याच दिवशी अकरा वाजता त्याची कागदपत्रांची पडताळणी होती. तो मुलगा फलाटावर रिकाम्या हाताने उभा होता, ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून आज मी सॅकबद्दल बोलणार आहे. पुण्या-मुंबईला परीक्षेला, मुलाखतीला, प्रवेशाला जी मुलं रात्रीच्या गाड्यांनी येतात, त्यांनी हे ऐकावं असं मनापासून वाटतं. त्यांच्या आईवडिलांनीही.

भुरट्या चोराला फार ताकद लागत नाही. आपली दोन मिनिटं पुरतात. ही मिनिटं बहुतेक ठरलेली असतात. गाडीत चढतानाची धक्काबुक्की. चहावाला आला आणि आपण सुट्टे पैसे शोधतोय, ती वेळ. चार्जिंगला लावलेला मोबाइल बघायला दाराजवळ गेलो, ती वेळ. एसटी जेवायला थांबली आणि आपण सॅक सीटवर ठेवून खाली उतरलो, ती वेळ. आणि पहाट. रात्रभर जागं राहायचं ठरवलेला माणूसही पहाटे पेंगतो. मोठं स्टेशन जवळ आलं की डबाभर सामानाची हलवाहलव सुरू होते, त्यात एक सॅक जास्त गेली तरी कळत नाही.

आता बंदोबस्ताचं बघू. बहुतेक स्लीपर आणि एसी डब्यांत खालच्या बर्थखाली लोखंडी कड्या असतात. कित्येकांनी त्या कधी पाहिलेल्याच नसतात. साखळी किंवा प्लास्टिकचं आवरण असलेली तार त्या कडीतून घ्या, मग सॅकच्या वरच्या मुठीतून आणि दोन्ही पट्ट्यांतून ओवा, आणि कुलूप लावा. नुसत्या एका पट्ट्यातून साखळी घेतली तर ब्लेडच्या एका फटक्यात काम होतं. तीन ठिकाणी ओवलेली सॅक सोडवायला वेळ लागतो, खुडबुड होते. चोराला नेमकं तेच नको असतं.

चेनबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. सॅकच्या चेनचे दोन्ही खटके एकत्र करून छोटं कुलूप लावलं की आपण निश्चिंत होतो. पण नायलॉनच्या दातांची चेन साध्या बॉलपेनच्या टोकाने मधोमध फाकते. हात घालून हवं ते काढायचं आणि ते जोडलेले खटके त्या जागेवरून एकदा पुढेमागे फिरवायचे, की चेन होती तशी बंद! घरी जाईपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून हे कुलूप खटक्यांबरोबर सॅकच्या एखाद्या पक्क्या कडीत किंवा साखळीत अडकवा. खटके जागचे हलले नाहीत तर फाकलेली चेन पुन्हा मिटत नाही, आणि सॅकवर नजर पडताच तुम्हाला कळतं. पावसाळ्यातलं कव्हर बाराही महिने चढवून ठेवा, हेही माझं आवर्जून सांगणं आहे. सगळ्या चेन झाकल्या जातात आणि भडक रंगामुळे तुमची सॅक लांबूनही ओळखू येते.

वरचा बर्थ मिळाला असेल तर सॅक खाली ठेवूच नका. भिंतीच्या बाजूला उशाला घ्या आणि एक पट्टा दंडात अडकवा. बसमध्ये दोन पायांच्या मध्ये ठेवून पट्ट्यात पाय घाला. मुंबईच्या लोकलमध्ये सॅक पुढे घ्यायची सवय आता लोकांच्या अंगवळणी पडली आहे. ती रॅकवर ठेवायची झाली तर आपल्या डोक्यावरच्या रॅकवर नको, समोरच्या रॅकवर ठेवा. डोक्यावरची दिसत नाही, समोरची सतत नजरेत राहते.

पण श्रोतेहो, हे सगळं करूनही सॅक जाऊ शकते. म्हणून ती गेली तर आपलं काय काय जाईल, हे निघतानाच ठरवा. जे गेल्यावर रडू येईल ते सॅकमध्ये नको. राज्य मंडळाची दहावी-बारावीची गुणपत्रकं डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपवर मिळतात. मूळ प्रत मागितलेली नसेल तर ती घरच्या कपाटातच राहू द्या. मागितली असेल तर फोल्डर कापडी पिशवीत घालून गळ्यात तिरका घ्या, वर चादर ओढा आणि त्याच्यासकट झोपा. अवघडायला होतं, पण एका रात्रीचा प्रश्न असतो. तिकीट, ओळखपत्र आणि थोडे पैसे खिशात. मोबाइलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा ओळख क्रमांक येतो, तो घरी वहीत लिहून ठेवा. फोन चोरीला गेला तर पोलीस तक्रारीच्या प्रतीसह हाच क्रमांक देऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो.

सॅक गेलीच तर रेल्वेच्या 139 या मदत क्रमांकावर फोन करा. टीसीकडे तक्रारीचा छापील अर्ज असतो. तो गाडीतच भरून देता येतो, प्रवास सोडून मधल्या स्टेशनवर उतरावं लागत नाही. डबा, सीट, सॅक शेवटची कुठे पाहिली आणि नाही हे कुठे कळलं, ती दोन्ही स्टेशनं, आतल्या वस्तूंची यादी, हे सगळं लिहा. गुन्हा नोंदवतात ते लोहमार्ग पोलीस. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार हद्द कोणतीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते. "आमच्या हद्दीत घडलं नाही" असं ऐकून परत फिरू नका. कागदपत्रांच्या दुय्यम प्रती काढताना ही तक्रारच हाताशी लागते. भरपाईवर मात्र भिस्त ठेवू नका. आपण सोबत नेलेल्या सामानाची जबाबदारी मुळात आपलीच, रेल्वेचा हलगर्जीपणा सिद्ध झाला तरच गोष्ट वेगळी. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गाडीतल्या चोरीच्या एका प्रकरणात प्रवाशाच्या विरोधात निकाल दिला. आणि सॅक चोरीला न जाता गाडीत राहून गेली असेल, तर आशा सोडू नका. रेल्वे सुरक्षा बल विसरलेलं सामान 'ऑपरेशन अमानत' नावाच्या मोहिमेत मालकांपर्यंत पोचवतं.

त्या मुलाबरोबर मी कल्याणच्या लोहमार्ग पोलिसांकडे गेलो होतो. तक्रार झाली. तिची प्रत घेऊन तो पडताळणीला गेला, तिथे त्याला मुदत मिळाली. चारेक महिन्यांनी त्याचा फोन आला. गुणपत्रकांच्या दुय्यम प्रती मिळाल्या होत्या, दाखलेही निघाले होते. "काका, एकच कागद राहिला," तो म्हणाला. शाळेत असताना तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत मिळालेलं प्रमाणपत्र. ज्या मंडळाने ती स्पर्धा भरवली होती ते मंडळच आता राहिलेलं नाही.

नमस्कार.