आपली बाभळ आणि ती वेडी बाभळ

नमस्कार श्रोतेहो. आज बाभळीबद्दल बोलायचंय. मोहोळकडं जा, मंगळवेढ्याला जा नाहीतर अक्कलकोटला, रस्त्याच्या कडंला काटेरी झुडपांची गर्दी दिसते आणि आपण सरसकट सगळ्याला बाभळ म्हणून मोकळे होतो. पण त्यातली कितीतरी झाडं आपली बाभळ नाहीतच. ती वेडी बाभळ, मूळची अमेरिका खंडातली, इंग्रजांच्या काळात, 1877 च्या सुमारास भारतात आली आणि मग पडीक रानं, ओढे, तळ्याकाठच्या जमिनी सगळं व्यापून बसली. रानं अडवायचं काम तिचं आणि शिव्या मात्र आपल्या बाभळीला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ओळखायला अवघड नाही. आपल्या बाभळीचं फूल गोल, पिवळंजर्द. शेंग करड्या रंगाची, माळेत मणी ओवल्यासारखी, दोन बियांच्या मधे आवळलेली. वेडीच्या फुलाचा लांबट फिकट तुरा असतो आणि शेंग पिवळसर, जवळजवळ सलग.

आता या झाडावर आपली शेती किती उभी होती बघा. नांगर, कुळव, तिफण, बैलाच्या मानेवरचं जू, बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे, या सगळ्याला सुतार बाभळीचंच लाकूड मागायचा, कारण ते चिवट, हिसके बसले तरी लवकर फुटत नाही. तोडल्या तोडल्या मात्र वापरायचे नाहीत, ओढ्याच्या नाहीतर विहिरीच्या पाण्यात चांगलं मुरू द्यायचे म्हणजे कीड लागत नाही. शाळूची पेरणी ज्या तिफणीनं व्हायची तिचं लाकूड बांधावरच वाढलेलं असायचं, विकत आणायची गरजच नव्हती.

सालीचं तर वेगळंच. तिच्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर, म्हणून कातडं कमवायला ती लागायची. विहिरीवरच्या मोटेचं चामडं असो की पायातली चप्पल असो, बाभळीची साल आणि हिरडा यांच्यावर ते काम चालायचं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला ना, त्यात आपला सोलापूर जिल्हापण आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. सालीच्या त्याच तुरटपणामुळं बाभळीच्या काडीनं दात घासायचे आणि हिरड्या सुजल्या की सालीच्या काढ्यानं गुळण्या करायच्या.

डिंकाचं काय वेगळं सांगू, बाळंतिणीचे लाडू सगळ्यांना ठाऊक आहेत. तुपात तळला की टम्म फुगतो, मग खारीक, खोबरं, गूळ. बाजारात धावड्याचा डिंकपण मिळतो, पण आमच्याकडं जुन्या बायका बाभळीचाच मागतात.

आणि उन्हाळा! माळावर गवताची काडी नसते तेव्हा मेंढपाळ आकडीनं शेंगा पाडतो आणि शेरडं-मेंढरं त्याच्यावर तगतात. दुष्काळी भागात ह्याची किंमत ज्याच्या दावणीला जनावर आहे त्यालाच कळते.

शेतकरी म्हणतात बाभळीखाली पीक येत नाही. त्यात तथ्य आहे, सावली पडते, मुळं ओल ओढतात, शेजारच्या चार ओळी मार खातात. पण ही शेंगवर्गातली, मुळांवरच्या गाठींमधनं हवेतलं नत्र जमिनीत धरते. आणि आपल्याकडं रामकाठी म्हणून जात आहे, तिच्या फांद्या सरळ वर जातात, सावली अगदी कमी. बांधावर तीच लावावी असं माझं स्पष्ट मत आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या माळावर मात्र कुठलंच झाड नको, माळढोक पक्ष्याला मोकळं गवताळ रान लागतं.

रोप विकत घ्यायचीपण गरज नाही. बी टणक असतं, तसंच टाकलं तर लवकर रुजत नाही, पण शेरडांच्या पोटातनं गेलेलं बी चांगलं उगवतं, म्हणून वाड्यातल्या लेंड्यांमधनं ते वेचायचं. नसेल तर गरम पाणी ओतून रातभर भिजत ठेवायचं. मृगाचा पाऊस झाला की थेट बांधावरच टोकायचं, कारण सोटमूळ लवकर खोल जातं आणि नंतर उपटून लावलेलं झाड नीट धरत नाही. फक्त पहिली दोन-तीन वर्षं भोवती काट्यांची कुपाटी करा, कोवळा पालापण शेरडांना शेंगांइतकाच आवडतो.