निर्यातीचा पैसा स्टॉलवर की लॅबमध्ये?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय जरा लांबलचक छापलाय, सरकारी-खासगी भागीदारीतल्या निर्यात प्रोत्साहन योजना आणि त्यांचा निधी. मी साधं करून सांगतो. सरकारनं निर्यातीसाठी पैसा खर्च करावा की नाही हा माझा वादच नाही, करायलाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की तो पैसा आधी अशा गोष्टींवर जावा ज्या एकट्यादुकट्या शेतकऱ्याला किंवा निर्यातदाराला जन्मात उभ्या करता येणार नाहीत. रेसिड्यू म्हणजे मालात उरलेला औषधांचा अंश तपासणारी लॅब, प्रीकूलिंग म्हणजे तोडलेला माल लगेच थंड करणं, प्लॉटपर्यंत माग काढता येईल अशी नोंदणी, दुसऱ्या देशाच्या सरकारशी होणारी बोलणी. बाकीचं नंतर. तीन मुद्दे मांडणार आहे, पण त्याआधी द्राक्षाची गोष्ट सांगावी लागेल, कारण हे सगळं मला द्राक्षानंच शिकवलं आणि समोर बसलेले निम्मे तरी बागायतदारच दिसतायत.

महाग्रेप्स आठवतं ना? १९९१ साली सुरू झालं. द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था एकत्र आल्या, पाठीशी राज्याचं पणन मंडळ, राष्ट्रीय सहकार विकास निगम, केंद्राची शेतमाल निर्यात संस्था अपेडा, राष्ट्रीय फलोत्पादन मंडळ. आज ज्याला आपण पीपीपी, म्हणजे सरकारी-खासगी भागीदारी, म्हणतो ना, ते आपल्याकडे तेव्हाच झालं होतं, कुणी मोठ्या नावानं बोलवत नव्हतं इतकंच. सुरुवातीला युरोपात माल गेला आणि मार खाल्ला, कारण द्राक्ष तोडल्यावर काही तासांत त्याच्या पोटातली उष्णता काढावी लागते हे आपल्याकडे कुणी करतच नव्हतं. मग संस्थांच्या पातळीवर प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेज उभी राहिली, पेटीत द्राक्ष सडू नये म्हणून ग्रेप गार्डचे पॅड आले, पेटीचा आकार ठरला, आणि दोन-पाच एकरवाल्या माणसाचं थॉमसन जातीचं द्राक्ष तीन-तीन आठवडे समुद्रात काढून युरोपात हिरव्या देठासकट पोचायला लागलं. त्या दोन एकरवाल्याला प्रीकूलिंग युनिट परवडलं असतं का? बँकेनं दारात उभं केलं नसतं.

आता २०१०. हा भाग मी थोडा लांबवणार आहे, आयोजकांनी माफ करावं.

त्या हंगामात माल युरोपात पोचला आणि तिकडच्या तपासणीत क्लोरमेक्वाट हे वेलीची वाढ रोखणारं रसायन सापडलं. आपण त्याला लिहोसिन म्हणतो. किती जण मारत होते तेव्हा, हात वर करा बघू. मागच्या रांगेतले हात अर्धेच वर आलेत, अहो घाबरू नका, आपल्याकडे द्राक्षावर त्याला परवानगी होती! खरड छाटणीनंतर शेंडा जास्त पळू नये, काडीत घड तयार व्हावा म्हणून ते मारायचं, पिढी गेली त्यात. पण ते वेलीत राहतं आणि फळात उतरतं, आणि युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलीग्रॅम. म्हणजे जवळपास शून्यच.

आणि खरी मेख ऐका. आपल्याकडे तपासणी होत नव्हती असं अजिबात नाही. अपेडानं ग्रेपनेट ही द्राक्षाच्या नोंदणीची ऑनलाइन व्यवस्था उभी केलेली होती, तालुक्याच्या कृषी कार्यालयात प्लॉटची नोंद, लॅबचा माणूस बागेत येऊन सॅम्पल नेणार, रिपोर्ट थेट नेटवर, मग ॲगमार्क हे दर्जाचं प्रमाणपत्र, मग फायटो म्हणजे कीड-रोग नसल्याचं प्रमाणपत्र, कुठल्या पेटीत कुणाच्या बागेचं द्राक्ष आहे ते रॉटरडॅममध्ये बसून कळत होतं, जगात फार थोड्या देशांकडे अशी सिस्टिम होती तेव्हा. पुण्याजवळच्या मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र त्याची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा. सगळं होतं. फक्त आपण ज्या रसायनांची तपासणी करायचो त्या यादीत क्लोरमेक्वाट नव्हतं. म्हणजे रिपोर्ट क्लीन, कागद क्लीन, आणि माल अडकलेला. कंटेनर बंदरात, भाव पडलेला, आणि इकडे बागायतदार पैशाची वाट बघतोय. घरात लग्न काढलेली माणसं होती त्यात. निर्यातदार म्हणतो मला तिकडून मिळाले नाहीत तर तुला कुठून देऊ. त्या उन्हाळ्यात मी ज्या ज्या पॅकहाऊसला गेलो तिथं भांडणं ऐकली, नातेवाईक एकमेकांशी बोलेनासे झाले होते, आणि त्यात चूक त्या शेतकऱ्याची काहीच नव्हती हे मला आजही सहन होत नाही.

यादीत एक ओळ वाढवायला खर्च किती? मशीन, रसायनाचे प्रमाणित नमुने, शिकलेली माणसं, आणि युरोपात कुठल्या सुपरमार्केटनं काय तपासायला सुरुवात केली हे वर्षभर वाचत बसणारा कुणीतरी. हा खर्च कुठल्याही एका निर्यातदाराचा नाही, कारण फायदा सगळ्यांना होतो आणि म्हणून करत कुणीच नाही. सरकारी पैशाची जागा नेमकी इथं आहे. पुढे ते यादीत आलं, शिफारशी बदलल्या, निर्यात परत उभी राहिली, हे खरंय. पण ते ठेच लागल्यावर झालं.

याच्या उलट गोष्ट लासलगावची, तीही सांगतो, वेळ आहे ना? लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं कृषक केंद्र उभं राहिलं ते कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. अमेरिकेनं आपला आंबा अठरा वर्षं बंद ठेवला होता, फळमाशी आणि कोयीतल्या किड्याच्या भीतीनं. २००७ साली दार उघडलं ते विकिरणाच्या, म्हणजे किरणांचा मारा करून कीड निकामी करण्याच्या, अटीवर, आणि तेव्हा देशात या कामासाठी मान्यता मिळालेलं केंद्र होतं लासलगावचं. हापूस कोकणातून घाट चढून लासलगावला जायचा आणि परत मुंबई विमानतळावर उतरायचा, पण जायचा! पुढे वाशीला पणन मंडळाचं केंद्र आलं. आता सांगा, कोकणातल्या कुठल्या बागायतदारानं ही किरणं देणाऱ्या कोबाल्ट-६० चं केंद्र बांधलं असतं, आणि अमेरिकेच्या कृषी खात्याशी प्रोटोकॉलची बोलणी कुणाच्या खिशातून झाली असती?

हे झालं चांगल्या पैशाचं. आता प्रदर्शनं. युरोपातलं एक मोठं फळांचं प्रदर्शन ऐन फेब्रुवारीत असतं. फेब्रुवारीत नाशिकचा द्राक्षवाला कुठे असतो? बागेत, तोडणीवर. मग तिथं जातं कोण? ज्याला हंगाम नाही तो. मी असा स्टॉल बघितलाय, समई होती, रांगोळी होती, चकचकीत ब्रोशर होतं, आणि खरेदीदारानं आमच्यातल्या एकाला विचारलं की यंदाचा रेसिड्यू डेटा दाखवा, तर तो पुण्याला फोन लावत होता. प्रदर्शनं बंद करा असं मी म्हणत नाही, ओळखी तिथंच होतात. पण तिथून आल्यावर किती करार झाले, वर्षानंतर त्यातले किती टिकले, हे कुणी विचारत नाही, तिकिटं आणि भाड्याची बिलं जमा झाली की फाईल बंद.

चिठ्ठी आली, सात मिनिटं. म्हणजे जे सांगायला आलो होतो ते आता पळत सांगावं लागणार.

पहिला मुद्दा, डब्ल्यूटीओ म्हणजे जागतिक व्यापार संघटना आणि तिचे नियम. बरेच जण म्हणतात आता सबसिडी बंद, संपलं सगळं. तसं नाहीये. मालाच्या निर्यातीवर थेट पैसे देणं अडचणीचं झालंय, एमईआयएस या आपल्या निर्यात सवलतीच्या योजनेवर २०१९ ला तिथल्या पॅनेलचा निकाल आपल्याविरुद्ध गेला, २०२१ पासून रोडटेप आलं, ते भरलेल्या करांच्या परताव्याचं आहे. पण त्याच संघटनेच्या कृषी कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात संशोधन, कीड-रोग नियंत्रण, तपासणी, बाजाराची माहिती, प्रचार, पायाभूत सोयी यांवर सरकार खर्च करू शकतं असं स्पष्ट लिहिलंय, फक्त त्यातून विक्रेत्याला भाव पाडता येईल असा मोघम पैसा नको. म्हणजे मी जे मागतोय त्याला नियमांचीही आडकाठी नाही.

दुसरा मुद्दा, वाटा कुणाचा. अमेरिकेचा मार्केट ॲक्सेस प्रोग्राम बघा, त्यांच्या शेतमालाच्या परदेशातल्या प्रचाराला मदत देणारी योजना, वर्षाला २० कोटी डॉलर. वॉशिंग्टनच्या सफरचंदाचा आपल्याकडे जो प्रचार होतो त्यात हा पैसा आहे, पण सोबत तिथला बागायतदार पेटीमागे वर्गणी भरतो, आणि एखाद्या ब्रँडची जाहिरात असेल तर कंपनीनं निम्मा खर्च उचलायचा. मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातीवर सरकारी पैसा जातो म्हणून तिकडे ओरड झाली आणि १९९८ पासून ब्रँडचा पैसा लहान उद्योग आणि सहकारी संस्थांपुरता ठेवला. तरी त्यांच्या संसदेची तपासणी संस्था विचारतच असते की हा पैसा दिला नसता तर निर्यात खरंच कमी झाली असती का. हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक योजनेला विचारा.

तिसरा, नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं एक्स्पोर्ट प्रमोशन मिशनला मंजुरी दिली, २०३०-३१ पर्यंत २५,०६० कोटी. त्याचे दोन भाग, निर्यात प्रोत्साहन म्हणजे कर्ज आणि व्याजाची मदत, आणि निर्यात दिशा म्हणजे गुणवत्ता, प्रमाणपत्रं, ब्रँडिंग, प्रदर्शनं, वाहतूक. माझं सगळं लक्ष या दिशावाल्या भागावर आहे, कारण लॅब आणि स्टॉल दोन्ही एकाच खिशात आलेत आणि स्टॉलचा फोटो येतो, लॅबचा येत नाही. दुसरं, आजवरची बरीच मदत आधी खर्च करा मग परत मिळवा अशी असते. ज्याच्याकडे आधीच पैसा आहे तो घेतो, शेतकऱ्यांची नवी कंपनी क्लेमच्या मागे फिरत राहते. सॅम्पलची फी तरी लॅबला थेट द्या, शेतकऱ्याच्या खिशातून आधी काढू नका.

आणि शेवटचं, हे तुमच्या हातातलं आहे. जिल्हा निर्यात समितीच्या बैठका होतात, तिथं बागायतदार संघाचा माणूस पाठवा आणि एकच कागद मागा, गेल्या वर्षी या जिल्ह्यात निर्यातीच्या नावानं कुठल्या योजनेचे किती पैसे आले, कुणाला मिळाले, आणि त्यातले तपासणीवर किती गेले. कागद मिळाला नाही तर पुढच्या बैठकीत परत मागा. प्रश्न असतील तर बाहेर चहाच्या टेबलापाशी थांबतो, इथं पुढच्या वक्त्यांना उशीर होतोय.