२९ फेब्रुवारीची बाकी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: 'पुढच्या साथीत छोट्या धंद्याला सरकारने मदत कशी द्यावी'. तिथे पोचायचंच आहे. पण त्याआधी 'मदत' या शब्दाचा हिशेब करून घेऊ. २०२० च्या मे महिन्यात आपण सगळ्यांनी टीव्हीवर ऐकलं, छोट्या उद्योगांना ३ लाख कोटी. ऐकणाऱ्याला वाटलं, ३ लाख कोटी येतायत. येत होती ती हमी. आणि ती हमी दुकानदाराला नव्हती, बँकेला होती. दुकानदाराने पैसे बुडवले तर सरकार बँकेला भरून देणार. दुकानदाराला मिळालं ते कर्ज. सोयीचं, वेळेवरचं, पण कर्ज.

योजना आपत्कालीन पतहमीची. २३ मे २०२० पासून लागू. नियम थोडक्यात: २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या कर्जाची जी बाकी होती, तिच्या २० टक्के जादा कर्ज. बाकी २५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत असली पाहिजे. १ ऑगस्टपासून हेच आकडे ५० कोटी आणि २५० कोटी झाले. मुदत चार वर्षं. पहिलं वर्ष मुद्दलाला सूट. व्याजाला नाही, हे अधोरेखित करा. बँकेचं व्याज जास्तीत जास्त ९.२५ टक्के, बिगरबँक वित्त कंपनीचं १४ टक्के. प्रक्रिया शुल्क नाही, हमीचं शुल्क नाही, नवं तारण नाही. आधीच्या तारणावर मात्र बँकेचा दुसरा बोजा, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा हक्क, चढतो.

आकडा मांडू. बाकी २५ लाख, म्हणजे जादा कर्ज ५ लाख. ९.२५ टक्क्यांनी पहिल्या वर्षी दरमहा सुमारे ३,८५० रुपये नुसतं व्याज. तेराव्या महिन्यापासून ३६ हप्ते, प्रत्येकी साधारण १५,९६०. तेरावा महिना म्हणजे २०२१ चा उन्हाळा, दुसरी लाट. शटर पुन्हा खाली आणि हप्ता सुरू! नंतर मुदती वाढवून दिल्या, पण मूळ आखणीत एका वर्षात सगळं सुरळीत होईल असं गृहीत होतं.

आता माझा लाडका विषय, ती तारीख. अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत, बघू द्या.

२९ फेब्रुवारी २०२० हा शनिवार. महिन्यातला पाचवा, म्हणून बँका चालू. दोन हार्डवेअरवाले धरा, एकाच रस्त्याचे. दोघांची सीसी लिमिट, म्हणजे बँकेकडून लागेल तसं उचलायच्या कर्जाची मर्यादा, २० लाख. पलीकडचा कायम १९.५ लाखांवर टेकलेला. अलीकडचा शिस्तीचा: वसुली आली की खात्यात, व्याज वाचवायचं. शुक्रवारी बिल्डरचे पैसे आले, त्याने ते भरले आणि शनिवारी त्याची बाकी उरली ६ लाख. मे महिन्यात बँकेने २० टक्के काढले. पलीकडच्याला ३ लाख ९० हजार. अलीकडच्याला १ लाख २० हजार.

कोणीतरी म्हणेल, अहो पण त्याची लिमिट रिकामी होती, काढायची की! काढलीच. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात माल देणाऱ्यांचे चेक वटले आणि बाकी पुन्हा १९ लाखांवर. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा दोघे सारखेच खोलात होते. पण योजना बघणार २९ फेब्रुवारीचा आकडा, आणि बघणार बाकी, लिमिट नव्हे. वेळेवर पैसे भरल्याबद्दल दंड झालेला हा माणूस. आणि तिसरा, ज्याने जन्मात कर्ज काढलं नाही, 'ऋण काढून सण नको' म्हणणारा? शून्याचे वीस टक्के किती होतात ते तुम्ही सांगा. इथे हिशेबनीस बरेच बसलेत, पण याला कॅल्क्युलेटर लागू नये.

ही तारीख मूर्खपणाने निवडली होती का? नाही, आणि म्हणूनच मला तिची चीड येते. बाकीचा आकडा बँकेच्या संगणकात तयार असतो. त्यामुळे अर्ज, प्रकल्प अहवाल, ताळेबंद काही न मागता बँकेने स्वतःहून सांगायचं, तुम्हाला इतकं मंजूर आहे, नको असेल तर नाही म्हणा. कर्ज त्याशिवाय इतक्या लवकर वाटता आलं नसतं. वेग हवा होता आणि वेगासाठी हाताशी असलेला आकडा घेतला. पण त्या आकड्यात धंद्याचं नुकसान दिसतच नव्हतं.

अडकणारे आणखी दोन. एक, ज्याचं कर्ज २९ फेब्रुवारीला ६० दिवसांहून जास्त थकलेलं होतं तो. साथीच्या आधीच बुडालेल्याला वर काढायचं नाही, हे तत्त्व ठीक. पण त्यात तो कंत्राटदारही गेला, ज्याची बिलं सरकारी खात्यातच पडून होती म्हणून हप्ते थकले. दुसरा, ज्याने धंद्यासाठी कर्ज काढलं पण स्वतःच्या वैयक्तिक नावावर. तो सुरुवातीला बाहेर. डॉक्टर, सीए, वकील यांनी व्यवसायासाठी व्यक्ती म्हणून काढलेली कर्जं ऑगस्टमध्ये आत घेतली.

फेरीवाल्यांची योजना वेगळी. केंद्राची स्वनिधी, १ जून २०२०. तेव्हा १०,००० रुपये कर्ज, १२ हप्ते, विनातारण, वेळेवर फेडलं तर व्याजदरातले ७ टक्के अनुदान म्हणून परत. बँकेचा दर १२ टक्के धरला तर हप्ता ८८८ रुपये, वर्षाचं व्याज ६६० च्या आसपास, त्यातले ३८० च्या आसपास परत. शिवाय क्यूआर कोडवर पैसे घेतले तर महिन्याला १०० रुपयांपर्यंत कॅशबॅक. पहिल्या ५० व्यवहारांना ५०, पुढच्या ५० ला २५, त्यापुढच्या १०० ला उरलेले २५. कोथिंबीर विकणाऱ्या बाईने शंभर रुपयांसाठी २०० व्यवहार मोजावेत ही कल्पना ज्याने काढली, त्याने कोथिंबीर कधी विकत घेतली नसावी. पण गंमत अशी की कॅशबॅक कोणी मोजला नसला, तरी खात्यावर उमटलेल्या व्यवहारांनी पुढच्या २०,००० च्या कर्जाच्या अर्जात बँकेला दाखवायला काहीतरी हाती आलं.

अडचण पैशाची नव्हती, ओळखीची होती. २४ मार्च २०२० किंवा त्याआधीपासून धंदा करत असल्याचा पुरावा हवा होता: पालिकेचं विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र. पालिकेच्या फेरीवाला सर्वेक्षणात नाव नसेल तर तिचं शिफारसपत्र. आणि सगळ्यात फुटकळ खिळा मोबाइलचा. आधारला जोडलेला नंबर जुना, ओटीपी त्या नंबरवर, ते सिम गावी भावाकडे. दहा हजारांचं कर्ज एका सिमवर अडतं. फेरीवाल्यांचं सर्वेक्षण पाच वर्षांतून एकदा तरी करा असं २०१४ चा कायदा सांगतो. ते वेळेवर झालं असतं तर शिफारसपत्राचा खटाटोपच उरला नसता.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता जे छापलंय ते.

बाकी सोडा, उलाढाल धरा. ब्रिटनने मे २०२० मध्ये उलाढालीच्या २५ टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ५०,००० पौंड कर्ज दिलं, पहिल्या वर्षाचं व्याज सरकारने भरलं. अर्जदाराच्या शब्दावर विश्वास ठेवला म्हणून बनावट अर्जही भरपूर आले. आपल्याकडे शब्दाची गरज नाही, दरमहा किंवा दर तिमाहीला जीएसटीचं विवरणपत्र जातं. विक्रीतली घट तिथेच दिसते.

बाकीच धरायची तर एका दिवसाची नको, मागच्या बारा महिन्यांतली सर्वोच्च धरा. हा आकडाही त्याच संगणकात असतो.

अगदी लहानांना कर्ज नको, रोख द्या. जर्मनीने पाच कामगारांपर्यंतच्या धंद्याला ९,००० युरोपर्यंत परत न मागता दिले. अमेरिकेने कर्ज दिलं, पण त्यातून पगार भरले तर माफ केलं. आपल्याकडे महाराष्ट्राने २०२१ च्या एप्रिलमध्ये परवानाधारक रिक्षावाल्यांना आणि नोंदणीकृत फेरीवाल्यांना १,५०० रुपये जाहीर केले. रक्कम लहान, पण प्रकार बरोबर. तिथेही 'नोंदणीकृत' शब्दावर गाडी अडतेच.

हो हो, संपवतो. जीएसटी लागू नसलेल्यांचं काय, हा प्रश्न मागच्या रांगेतून आलाय. त्यांच्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारच्या साइटवर छोट्या धंद्याची नोंदणी, हा एक मार्ग. आधार आणि पॅन लागतात, कागद अपलोड करावे लागत नाहीत, माहिती स्वतः घोषित करायची. नोंदणी फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती बंद करा, ती सरकारची नाही. आणि आधारचा मोबाइल नंबर चालू आहे का, ते आज घरी गेल्यावर बघा.