नदीकाठी आलो, पण नदी कुठाय? टोकियोचं फुकागावा

(रस्त्याच्या कडेला उभी. मागे डोक्याच्याही वर जाणारी काँक्रीटची भिंत.)

नमस्कार मंडळी! माझ्या मागे ही भिंत दिसतेय ना? हिच्या पलीकडे सुमिदा नदी आहे, टोकियोची मोठी नदी. आणि मी आत्ता तिच्या अगदी काठावर उभी आहे. पण पाण्याचा एक थेंब दिसत नाही. गेल्या महिन्यात आई पुण्याहून आली होती, तिला मी इथेच आणलं. पाच मिनिटं चालल्यावर ती म्हणाली, "अगं, नदी नदी म्हणत होतीस, ती कुठाय?"

आजचा व्हिडिओ आईच्या त्या प्रश्नावर आहे.

या भागाचं जुनं नाव फुकागावा. स्टेशनचं नाव कियोसुमी-शिराकावा. ओतेमाचीहून हानझोमोन लाइन पकडलीत की तिसरं स्टेशन. बाहेर पडलात की एकदम आवाज कमी होतो. दुमजली घरं, दारात कुंड्यांची रांग, गॅलरीत वाळत घातलेल्या गाद्या, सायकलवर मुलाला मागे बसवून निघालेली आई. लोक इथे राहतात, हे आधी डोक्यात घ्या. कुणाच्या दारात फोटोसाठी ताटकळत उभं राहू नका, गल्लीत हळू बोला, कचरा पिशवीत घालून परत न्या. रस्त्यावर कचरापेटी सहसा सापडणार नाही.

आता भिंत. फुकागावा ज्यात येतं त्या कोतो वॉर्डाचा बराचसा भाग भरतीच्या वेळच्या समुद्रपातळीहून खाली आहे. पूर्वी असा नव्हता. इथे कारखाने आले, त्यांनी वर्षानुवर्षं जमिनीखालचं पाणी उपसलं आणि जमीन बसत गेली. काही ठिकाणी ती 4 मीटरहून जास्त खचली. उपशावर बंदी आली तेव्हा खचणं थांबलं, पण खाली गेलेली जमीन काही वर येत नाही. 1959 मध्ये इसे आखाताच्या वादळाने जपानमध्ये हाहाकार उडवला, आणि त्यानंतर टोकियोने सुमिदाच्या दोन्ही काठांवर या उंच, सरळसोट भिंती चढवल्या. जपानी लोक अशा भिंतीला वस्तऱ्याचा बांध म्हणतात, कारण ती वस्तऱ्याच्या पात्यासारखी पातळ आणि ताठ. पुरापासून माणसं वाचली, पण नदी नजरेआड गेली. त्या काळात नदी इतकी घाण झाली होती की इथली उन्हाळ्यातली प्रसिद्ध आतषबाजीसुद्धा कित्येक वर्षं बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली 1978 साली. नंतर भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, पाण्यालगत चालायचे कट्टे बांधले गेले.

चला, पायऱ्या चढूया.

(जिना चढून पलीकडे. समोर रुंद पात्र, निळा पूल.)

आली! तो समोरचा निळा झुलता पूल म्हणजे कियोसु-बाशी. 1923 च्या महाभूकंपात जुने पूल गेले, त्यानंतर हा नव्याने बांधला, 1928 मध्ये पुरा झाला. जर्मनीत कोलोनला ऱ्हाईन नदीवर जो झुलता पूल होता त्याच्या धर्तीवर. कोलोनचा तो पूल युद्धात पडला, हा मात्र अजून रोजची वाहतूक अंगावर घेतोय.

इथे डावीकडे एक कालवा येऊन मिळतो बघा, ओनागी-गावा. पट्टीने आखल्यासारखा सरळ. जपानचा सत्ताधीश तोकुगावा इएयासू याने एदो, म्हणजे जुनं टोकियो, वसवायला घेतलं तेव्हा पूर्वेकडच्या ग्योतोकू मिठागरातलं मीठ शहरात आणायला हा खणला. मीठ, मग तांदूळ, मग लाकूड. फुकागावा या पाण्यावर वाढलं. कालव्याच्या तोंडाशी मान्नेन-बाशी नावाचा पूल आहे, तो होकुसाई आणि हिरोशिगे या दोन्ही नामांकित जपानी चित्रकारांनी चित्रांत काढला. हिरोशिगेच्या चित्रात अगदी पुढे एक जिवंत कासव दोरीला टांगलेलं आहे आणि मागे लांबवर फुजी पर्वत. ते कासव विकायला ठेवलेलं. लोक असं कासव विकत घ्यायचे आणि पुण्य म्हणून नदीत सोडून द्यायचे. आईला हे सांगितलं तर ती त्या पुलावर कितीतरी वेळ खाली पाण्यात बघत उभी राहिली.

तुमच्याकडे वेळ असेल तर या कालव्याच्या काठाने पूर्वेला चालत ओगिबाशीच्या दरवाजापर्यंत जा. तिथे कालव्याच्या दोन बाजूंना पाण्याची पातळी वेगवेगळी असते. होडी मधल्या हौदात येते, मागचा दरवाजा बंद होतो, पाणी वर किंवा खाली केलं जातं आणि मग पुढचा दरवाजा उघडतो. पनामा कालव्याचंच तत्त्व, फक्त घरांच्या मधोमध. हे दरवाजे आहेत, पंप आहेत, म्हणून पलीकडच्या घरांमध्ये लोक रात्री निवांत झोपतात. टोकियोत लोक मला विचारतात काय बघायचं, तेव्हा मी टॉवरच्या आधी हे नाव घेते.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या गोष्टीकडे. 1680 साली एक कवी शहराच्या गजबजाटातून उठून या काठावर झोपडीत राहायला आला. तेव्हा हा भाग म्हणजे ओसाड दलदल. एका शिष्याने त्याच्या अंगणात केळीचं रोप लावून दिलं. जपानीत या केळीला 'बाशो' म्हणतात. लोक झोपडीला 'बाशोची झोपडी' म्हणू लागले आणि कवीने तेच नाव घेतलं. मात्सुओ बाशो, ज्याच्याशिवाय हायकूची, म्हणजे तीन ओळींच्या जपानी कवितेची, गोष्टच सुरू होत नाही. मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी, आणि त्या वाटेने मागे मागे जात राहिलं की आपण या काठावर येऊन पोहोचतो.

इथे एक छोटं बाशो संग्रहालय आहे, त्याच्या बागेत ही केळ लावलेली आहे. आई तिच्यापाशी थांबली. पानाची कड बोटांत धरली, पान शिरेपर्यंत चिरलेलं होतं. "वाऱ्याने फाटलंय," म्हणाली. "आपल्याकडेही असंच होतं, जेवायला पान काढायचं तर आडोशाचं बघावं लागतं." मी तिला सांगितलं की या केळीला खाण्याजोगी फळं येत नाहीत. आणि बाशोलाही ती आवडायची ते याच पानांसाठी, वाऱ्यात सहज फाटणाऱ्या. आई काही बोलली नाही. पानावरून एकदा हात फिरवला आणि पुढे निघाली.

ती झोपडी दोनच वर्षांत मोठ्या आगीत जळाली. शिष्यांनी पुन्हा बांधून दिली. 1689 मध्ये बाशो इथूनच होडीत बसला, नदीने वर सेन्जूपर्यंत गेला आणि तिथून उत्तरेकडे पायी निघाला. पुढे झोपडीची जागासुद्धा कुणाला नक्की सांगता येईना. मग 1917 साली वादळाबरोबर समुद्राचं पाणी आत घुसलं, आणि ते ओसरल्यावर इथे दगडाचा एक बेडूक सापडला. बाशोचा आवडता बेडूक तो हाच, असं लोकांनी मानलं आणि तिथे छोटंसं देऊळ बांधलं. देऊळ जेमतेम एका खोलीएवढं. रस्त्यावरून जाताना सहज निसटेल, लाल तोरी, म्हणजे देवळासमोरची कमान, दिसली की थांबा.

(कियोसुमी बागेचं दार.)

इथून दहाएक मिनिटांवर कियोसुमी बाग. तिकीट 150 येन. मित्सुबिशीचे संस्थापक इवासाकी यातारो यांनी 1878 मध्ये ही जागा घेतली. देशभरातून नामांकित दगड कंपनीच्या आगबोटींतून आणून इथे मांडले. तळ्याच्या काठाने पाण्यातच मोठमोठे सपाट दगड टाकलेत, त्यांवरून चालायचं. खाली मासे, कासवं. पूर्वी या तळ्यात सुमिदाचं पाणी घेतलेलं होतं, त्यामुळे भरती-ओहोटीबरोबर तळंही चढायचं, उतरायचं. आता ते पावसाच्या पाण्यावर आहे.

पण मला ही बाग दाखवायची आहे ती वेगळ्या कारणासाठी. 1 सप्टेंबर 1923. भूकंप झाला दुपारी बाराच्या सुमारास, चुली पेटलेल्या, लाकडी घरं. आगी भडकल्या. इथून उत्तरेला साधारण दोन किलोमीटरवर लष्कराच्या कपडे कारखान्याचं रिकामं मैदान होतं. लोक घरातलं सामान घेऊन तिथे जमले. सामानाने पेट घेतला, आगीची वावटळ उठली, आणि त्या एका मैदानात सुमारे 38,000 माणसं मेली. या बागेत जे शिरले त्यातले बहुतेक वाचले. इथे दाट झाडं होती आणि पाणी होतं. पुढच्याच वर्षी इवासाकी घराण्याने बागेचा हा भाग शहराला देऊन टाकला.

आणि 1945 मध्ये 9 आणि 10 मार्चच्या मधल्या रात्री विमानांतून आगबाँब पडले तेव्हा हाच भाग पुन्हा जळला. एका रात्रीत टोकियोत अंदाजे एक लाख माणसं गेली. तुम्ही ज्या गल्ल्या शांत म्हणून फिरताय ना, त्या जवळजवळ सगळ्या त्यानंतर उभ्या राहिल्यात. म्हणून इथे जुनी घरं शोधू नका. जुने आहेत ते कालवे, पूल, देवळांच्या जागा. आणि दर वेळी परत आलेली माणसं.

जेवायचं काय? फुकागावा-मेशी. खाडीतल्या तिसऱ्या (शिंपल्या), कांद्याची जाड पात, मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, रस्सा आणि तो सगळा गरम भातावर. कोळ्यांचं घाईचं जेवण होतं हे. दुसरा प्रकार म्हणजे तिसऱ्या भातातच शिजवतात, त्याला रस्सा नसतो. कोकणातल्या माणसाला सांगावं लागणार नाही, ताट समोर येताच वास ओळखाल. मला स्वतःला रश्शाचा जास्त आवडतो. शाकाहारी असाल तर मात्र डबा आणा, कारण इथे साध्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. बागेला लागूनच मोफत उद्यान आहे, तिथे बाकावर बसून खाता येतं. आम्ही राहतो निशी-कासाईला, इथल्या मोन्झेन-नाकाचोहून तोझाई लाइनवर चौथं स्टेशन. तिकडे बरीच मराठी घरं आहेत, भाजी-डाळ मिळते. आईने थालीपीठं करून आणली होती.

कॉफीची दुकानं इथे पुष्कळ आहेत. जुन्या गोदामांची छपरं उंच, त्यामुळे कॉफी भाजायची यंत्रं आत मावतात. कुठल्याही एकात शिरा, चूक होणार नाही.

(पुन्हा नदीकाठचा कट्टा. उजेड उतरलेला, पुलावर दिवे.)

संध्याकाळी इथेच परत या. वर, कालवा आणि नदी मिळतात त्या कोपऱ्यावर, बाशोचा बसलेला पुतळा आहे. पुतळ्याभोवतीची छोटी बाग साडेचारला बंद होते, पण पुतळा खालून दिसतो. हा पुतळा रोज संध्याकाळी पाच वाजता जागच्या जागी वळतो. आईला मी हे आधी सांगितलं नव्हतं. ती पाण्याकडे बघत होती, मी नुसतं तिच्या खांद्याला हात लावला.

आत्ता पाचला एक मिनिट आहे. कॅमेरा वर घेते.

थांबा... हं. हलला बघा.