तुळशी पाइप रोडची भिंत

नमस्कार श्रोतेहो.

आज मुंबईच्या भिंतींबद्दल बोलायचंय. ज्यांच्या कडेकडेनं आपण रोज स्टेशन गाठतो, त्या भिंतींबद्दल. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या भिंती बोलायला लागल्या आहेत. वांद्र्याच्या चॅपल रोडवर जा, माहीम पूर्वेला जा. कुठे पाच मजले उंच चेहरा दिसेल, कुठे मीटरच्या पेटीवर बसलेलं एवढंसं मांजर. सुरुवातीलाच एक विनंती करतो आणि बोलता बोलता ती पुन्हा करणार आहे. ही चित्रं बघायला पायी जा. टॅक्सीतून नको, बाइकवरून नको. पायी जा.

वांद्रे रेक्लमेशनजवळ एमटीएनएलची इमारत आहे. 2014 साली तिच्यावर दादासाहेब फाळके आले. चितारी रंजित दहिया. हरियाणातून आलेला हा माणूस सुरुवातीला घरांना चुना मारायचा, आणि पुढे त्यानं भारतीय सिनेमाच्या जनकाला अख्ख्या इमारतीएवढं केलं. मला यात फार मोठं औचित्य दिसतं. फाळके स्वतः जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले आणि नाटकांचे पडदे रंगवलेले होते. मोठ्या कापडावर दुरून दिसेल असं रंगवायचं कसं, हे त्यांना माहीत होतं.

एवढं मोठं चित्र जमतं कसं, असं मला पुष्कळ जण विचारतात. रीत जुनीच आहे. आपले सिनेमाचे बॅनर रंगवणारेही तसंच करायचे. लहान चित्रावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी भिंतीवर मोठ्या करून पाडायच्या, आणि एकेक चौकट भरत जायचं. इमारतीवरून टांगलेल्या पाळण्यात उभ्या असलेल्या चितार्‍याच्या नाकासमोर दोन हात भिंत असते. त्याला डोळा दिसत नाही, डोळ्यातला काळा पट्टा तेवढा दिसतो. म्हणून चित्र दोनदा बघावं. एकदा रस्त्याच्या पलीकडून आणि एकदा हात लावता येईल इतक्या जवळून. जवळ गेलात की रंगाचे ओघळ दिसतात, रोलरचे फटकारे दिसतात, सिमेंटची भेग हातावरच्या शिरेसारखी कशी वापरून घेतली आहे ते दिसतं. दोनदा बघा. लांबून आणि जवळून.

आता विषय निघालाच आहे तर मनातलं एक बोलतो. आपल्या भिंतींवर देवनागरी फार कमी आहे. ग्राफिटी करणारी आपलीच पोरं, गिरगावातली, डोंबिवलीतली, पण सही करताना रोमन अक्षरं काढतात. अरे, आपल्या ‘ळ’मध्ये केवढी गोलाई आहे! ‘क्ष’ला केवढा झोका आहे! पूर्वी दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर एका श्वासात शिरोरेघ ओढायचा. फ्लेक्स आला आणि त्याचा ब्रश सुटला. आज चौकाचौकात वाढदिवसाचे फलक लागतात, त्यांवरची जोडाक्षरं मोडलेली असतात आणि कुणाला काही वाटत नाही. मला वाटतं. हनीफ कुरेशी नावाच्या कलावंताला ते वाटलं होतं. पाट्या रंगवणार्‍यांची अक्षरं गोळा करून त्यानं त्यांचे संगणकावरचे फाँट बनवले. भारतात रस्त्यावरच्या चित्रकलेची चळवळ उभी करणार्‍यांतही तो होता. 2017 साली ससून डॉकमध्ये चित्रं आणि मांडणीशिल्पं मांडली गेली, कोळी समाजातल्या माणसांचे मोठमोठे फोटो तिथं लागले, ते या चळवळीचंच काम. 1875 सालची ती गोदी. तिथं मासळी विकत घ्यायलाही न गेलेली मुंबई त्या वर्षी चित्रं बघायला गेली. हनीफ 2024 च्या सप्टेंबरमध्ये गेला. फार लवकर गेला.

परवानगीचं दोन वाक्यांत सांगतो. आपल्याकडे मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा 1995 चा कायदा आहे. भिंत ज्याची, त्याला विचारून रंगवा. आणि भिंत ज्याची म्हणजे नेमकी कुणाची, हे मला कसं कळलं ती गोष्ट आता सांगतो. खरं म्हणजे हीच सांगायला मी आलो आहे.

2009 चा ऑगस्ट. स्वाइन फ्लूची धास्ती होती, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. त्या महिन्यात माहीमपासून दादरपर्यंत तुळशी पाइप रोडच्या कडेची रेल्वेची लांबलचक भिंत लोकांना रंगवायला मिळाली. तरुण मुलामुलींच्या एका गटानं पुढाकार घेतला होता आणि पालिकेनं या म्हटलं होतं. रस्त्याचं कागदोपत्री नाव सेनापती बापट मार्ग, पण तुळशी तलावाचं पाणी आणणार्‍या नळावरून पडलेलं नावच आमच्या तोंडी बसलंय. शेकडो माणसं आली. कॉलेजची पोरं, बँकेतले साहेब, नातवंडांना घेऊन आजोबा.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. आम्ही चार लिटरचा पांढरा रंग घेतला, आणि त्यात कालवायच्या स्टेनरच्या, म्हणजे दाट रंगाच्या, तीन बाटल्या, निळी, पिवळी आणि लाल. वाट्याला आलं दहा-बारा फूट. मुलीनं खडूनं एक मोठा देवमासा काढला. तोंड दादरकडे, शेपूट माहीमकडे. मी डब्यात निळा कालवला आणि शेपटाकडून सुरुवात करायला ब्रश उचलला.

तिथंच फुटपाथवर एक बाई गजर्‍याच्या कळ्या ओवत बसली होती. दादरचा फुलबाजार तिथून जवळच. ती मघापासून आमच्याकडे बघत होती. मी ब्रश उचलला तशी ती सुई-दोरा खाली ठेवून उठली आणि माझ्या न् भिंतीच्या मधे येऊन उभी राहिली.

‘‘दादा, तेवढं सोडा.’’

मला कळेना, काय सोडा? भिंत तर मोकळी होती. तिनं पदरानं धूळ पुसली, मग दिसलं. भिंतीवर खिळ्यानं ओढलेल्या आडव्या रेघा. एकावर एक, शिडीसारख्या. काही रेघा साध्या, काहींच्या खाली एक टिंब.

‘‘पोरांची मापं हायती,’’ ती म्हणाली. बोलण्यावरून सोलापूरकडची वाटली. दर दिवाळीला पोरांना भिंतीला टेकवून उभं करायची आणि रेघ ओढायची. साधी रेघ मोठ्याची, टिंबाची रेघ धाकटीची. तिला अक्षरं येत नव्हती, म्हणून टिंब.

मी विचारलं, ‘‘भिंतीवरच का?’’

ती म्हणाली, ‘‘पालिकेची गाडी येती, गोधड्या, भांडी समदं उचलून नेती. ही भिंत कोन नेतंय?’’

श्रोतेहो, हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. ही भिंत कोन नेतंय? आम्ही सगळे त्या दिवशी मोकळी भिंत, मोकळी भिंत म्हणत रंगाचे डबे घेऊन आलो होतो. आणि तिच्यावर एका घराचा सात-आठ वर्षांचा हिशोब मांडलेला होता.

मी गप्प उभा. मुलगी मात्र कामाला लागली. ओल्या फडक्यानं खडू पुसला आणि म्हणाली, ‘‘बाबा, शेपूट वर वळवते.’’ झालं. देवमाशानं शेपूट पाठीवर घेतलं आणि भिंतीची वीतभर पट्टी जशीच्या तशी राहिली. दुपारी शाळेतून ती धाकटी आली, टिंबाची. तिच्या हातात ब्रश दिला. तिनं देवमाशाच्या पोटात पिवळी मासोळी काढली, आणि त्या मासोळीच्या पोटात आणखी एक. तिथं रंग संपला.

निघताना त्या बाईनं माझ्या मुलीला बोलावलं. ‘‘ये गं बाय, हुबी र्‍हा.’’ तिला पट्टीला पाठ टेकवायला लावली, डोक्यावर स्टीलची ताटली आडवी धरली आणि खिळ्यानं रेघ ओढली. मग खूण काय करायची याचा क्षणभर विचार केला आणि रेघेच्या शेजारी फुली मारली.

पुढं दोन वर्षांनी आम्ही गेलो. रस्त्यावरच्या चित्राचं आयुष्य ते किती, हे तेव्हा समोर दिसलं. भिंतीत ओल उतरली होती, देवमाशाच्या डोळ्याचे पोपडे गळाले होते, शेपटावर पानाच्या पिंका. बाई होती. म्हणाली, ‘‘तुमचा मासा दोन पावसाळं तगला.’’ तिच्या बोलण्यात हळहळ नव्हती, कौतुक होतं. पट्टीवर नव्या रेघा चढल्या होत्या. माझ्या मुलीला पुन्हा उभं केलं, पुन्हा ताटली, पुन्हा फुली. दोन फुल्यांमध्ये चांगलं चार बोटं अंतर.

त्यानंतर गेलो तेव्हा ते बिर्‍हाड तिथं नव्हतं. गजरेवाल्यांकडे चौकशी केली, कुणाला नक्की सांगता आलं नाही. भिंतीवर नवा पांढरा हात मारून त्यावर दुसर्‍या कुणीतरी झाडं काढली होती. छान होती झाडं, हिरव्याच्या चार-पाच छटा वापरलेल्या. मी जवळ गेलो आणि अंदाजानं हात फिरवला. खिळ्याच्या खाचा खोल असतात, दोन हात रंगानं भरत नाहीत. बोटाला एकेक रेघ लागत गेली. टिंब लागलं, फुली लागली. सगळ्यात वरची साधी रेघ, त्या मोठ्या मुलाची, माझ्या कानाच्या पाळीशी आली.

माहीमहून दादरकडे चालत आलात तर ती भिंत डाव्या हाताला लागते. पायी यायला हवं मात्र.